कुणाला त्रास नको म्हणून

संध्याकाळचे पाच वाजले की टोकियोच्या अनेक वस्त्यांमध्ये खांबांवरच्या कर्ण्यांतून एक धून ऐकू येते. बऱ्याच ठिकाणी ती 'यूयाके कोयाके' या जुन्या बालगीताची असते. भूकंप, पूर, वादळ यांच्या सूचना देणारी यंत्रणा नीट चालते आहे ना, हे रोज तपासून पाहण्याची ती सोय. गल्लीतल्या पोरांसाठी मात्र तिचा अर्थ एकच, खेळ आवरा आणि घरी जा. चेंडू उचलले जातात, सायकली वळतात, कुठल्याशा खिडकीतून मासे भाजल्याचा वास येतो आणि बघता बघता मैदान रिकामं होतं. मोठ्या माणसांना घरी बोलावणारी धून या शहरात नाही. स्थानकाजवळच्या इमारतींमध्ये त्या वेळी एकेका मजल्यावर दिवे लागत असतात. आतली माणसं मान वर न करताही एकमेकांचा अंदाज घेत असतात, आज पहिलं कोण उठणार?

पुण्यात जपानी शिकून मी दुभाषी म्हणून या देशात आले. ऑफिसांत, कारखान्यांत, इस्पितळांत दोन माणसांच्या मध्ये बसून एकाचं बोलणं दुसऱ्यापर्यंत पोचवायचं, हे माझं काम. या कामात माणूस जे बोलतो ते आपल्या तोंडून जातं आणि जे तो बोलत नाही ते आपल्यापाशी साठून राहतं. साठत गेलेल्या त्या न बोललेल्या गोष्टींमध्ये मला एक गोष्ट सारखी भेटत राहिली. रात्री आठला टेबलाशी बसलेल्या माणसाच्या मनात कामाचं वेड असेलच असं नाही, पगाराचा लोभही असेलच असं नाही. त्याच्या मनात असतो शेजारच्या टेबलावरचा सहकारी. मी उठलो तर माझं उरलेलं त्याच्या अंगावर पडेल. जपानी माणसाचं कामाशी, तब्येतीशी, लग्नाशी आणि एकटेपणाशी असलेलं नातं समजून घ्यायचं, तर मला वाटतं या एका भावनेपासून सुरुवात करावी. आपल्यामुळे दुसऱ्याला त्रास होऊ नये.

ही भावना सुंदर आहे, हे आधी सांगायला हवं. तिच्यामुळे लाखो माणसं रोज एकमेकांना खेटून प्रवास करतात आणि डब्यात फोन वाजत नाही. करोनाच्या कितीतरी आधीपासून इथे सर्दी झालेला माणूस स्वतः होऊन मास्क लावतो, समोरच्याला सर्दी होऊ नये म्हणून. पावसाळी दिवसांत दुकानाच्या दाराशी ओल्या छत्रीसाठी प्लास्टिकच्या लांबट पिशव्या टांगलेल्या असतात, आपल्या छत्रीचं पाणी दुसऱ्याच्या पायाखाली येऊ नये म्हणून. गाडी उशिरा आली तर रेल्वेचा कर्मचारी उशिराचा छापील दाखला हातात देतो, ऑफिसात दाखवता यावा म्हणून. या देशात एकटीने रात्री चालताना मला जी निर्धास्तता मिळाली, तिच्या मुळाशी लाखो अनोळखी माणसांनी जपलेली हीच काळजी आहे. मी तिची ऋणी आहे.

पण हीच काळजी माणसाच्या स्वतःच्या सुट्टीपाशी येते तेव्हा तिचा रंग बदलतो. चार दिवस रजा घेऊन परतलेला माणूस ऑफिसात येताना त्या गावच्या मिठाईचा खोका घेऊन येतो. आतला प्रत्येक तुकडा वेगळ्या कागदात गुंडाळलेला असतो, म्हणजे प्रत्येकाच्या टेबलावर एकेक ठेवता येतो. ठेवताना तो मान झुकवून म्हणतो, माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला. रजा त्याच्या हक्काची असते, कायद्याने दिलेली असते, आणि तरी ती जणू सहकाऱ्यांच्या खिशातून उसनी घेतलेली असते. अनेक वर्षं इथली माणसं मिळणाऱ्या पगारी रजेपैकी जेमतेम निम्मी घेत होती. आजारी पडलो तर लागेल म्हणून ती राखून ठेवायची आणि आजारी पडल्यावरही घ्यायची नाही.

याची किंमत माणसांनी जिवाने मोजली आहे. १९६९ साली एका मोठ्या वृत्तपत्राच्या पाठवणी विभागातला २९ वर्षांचा कामगार पक्षाघाताने गेला. अतिश्रमाने आलेल्या मृत्यूचं पहिलं प्रकरण म्हणून ते आजही सांगितलं जातं. १९८८ मध्ये वकील आणि डॉक्टरांनी अशा कुटुंबांसाठी एक दूरध्वनी सेवा सुरू केली, आणि नवरा गेलेल्या कितीतरी बायकांनी तिथे पहिल्यांदा तोंड उघडलं. मग सरकारी निकष ठरले. महिन्यात शंभर तास जादा काम, किंवा दोन ते सहा महिने सरासरी ऐंशी तास, याच्या पुढे हृदय वा मेंदूच्या विकाराने मृत्यू आला तर त्याचा कामाशी घट्ट संबंध मानायचा. २०१५ च्या नाताळात देन्त्सू या बड्या जाहिरात कंपनीतल्या २४ वर्षांच्या ताकाहाशी मात्सुरीने आयुष्य संपवलं. टोकियो विद्यापीठातून बाहेर पडून नोकरीला लागल्याला तिला वर्षही झालं नव्हतं. तिचा मृत्यू अतिश्रमामुळे झाल्याचं सरकारने मान्य केलं, तिची आई सगळ्या देशासमोर उभी राहिली, आणि २०१७ मध्ये न्यायालयाने कंपनीला पाच लाख येनांचा दंड केला. त्या रकमेचा विचार मी आजही करू शकत नाही.

या आयांनी आणि बायकांनी केलेलं काम मात्र मोठं आहे. गेलेल्या माणसाच्या फोटोसमोर बसून न राहता त्या रस्त्यावर आल्या, पाच लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या, आणि २०१४ मध्ये अतिश्रमाचे मृत्यू रोखण्यासाठीचा कायदा संसदेत मंजूर झाला. त्यानंतर २०१८ चा कामसुधारणा कायदा आला. जादा कामाला महिन्याला ४५ तास आणि वर्षाला ३६० तासांची मर्यादा पडली, अपवादाच्या वेळी वर्षाला ७२०. कर्मचाऱ्याने वर्षात किमान पाच दिवस रजा घेतलीच पाहिजे, ही जबाबदारी मालकावर आली. ट्रकचालक, बांधकाम कामगार आणि डॉक्टर यांना त्यांच्यासाठीच्या मर्यादा २०२४ च्या एप्रिलपासून लागू झाल्या. आज जपानी माणूस सरासरीने वर्षाला सुमारे १,६०० तास काम करतो. १९८० च्या दशकात हा आकडा दोन हजारांच्या वर होता. अर्धवेळ नोकऱ्या वाढल्याचा त्यात मोठा वाटा आहे, तरी वळण खरं आहे. २०१२ मध्ये मूल झाल्यावर रजा घेणारे बाप शंभरात दोनही नव्हते. २०२४ मध्ये ते शंभरात चाळीस झाले. आमच्या वस्तीतल्या बागेत भर दुपारी छातीशी तान्हं बांधून फिरणारा तरुण दिसला की मला या आकड्याला चेहरा आल्यासारखं वाटतं.

मनंही बदलली आहेत, आणि ती बदलल्याची नोंद आहे. एनएचके ही इथली सार्वजनिक प्रसारण संस्था १९७३ पासून दर पाच वर्षांनी माणसांना तेच ते प्रश्न विचारत आली आहे. ऑफिसातल्या सहकाऱ्यांशी नातं कसं असावं? १९७३ मध्ये दहापैकी जवळपास सहा जणांनी सांगितलं होतं, अडीअडचणीत मन मोकळं करता येईल, एकमेकांना मदत करता येईल असं. २०१८ मध्ये असं म्हणणारे चारांहूनही कमी उरले. नातेवाईक आणि शेजारी यांच्याबद्दलही उत्तरं त्याच दिशेने सरकली. लग्न करायलाच हवं असं नाही, हे १९९३ मध्ये निम्म्या लोकांना वाटत होतं, २०१८ मध्ये ६८ टक्क्यांना. तुम्ही काम कशासाठी करता, असं सरकारी पाहणीत विचारलं की दहापैकी सहा जण सरळ म्हणतात, पैशासाठी. जगण्याचं समाधान शोधण्यासाठी, असं म्हणणारे एक-दोनच.

या उत्तरांमागे एक मोठी माघार आहे. महायुद्धानंतरच्या भरभराटीच्या काळात कंपनी नुसता पगार देत नव्हती. राहायला घर देत होती, सहली काढत होती, क्रीडादिन भरवत होती. लग्नात मध्यस्थाच्या मानाच्या जागी बॉस आणि त्याची पत्नी बसत. कोयासान डोंगरावरच्या ओकुनोइन दफनभूमीत गर्द देवदारांखाली सरदारांच्या समाध्यांशेजारी कंपन्यांनी आपल्या दिवंगत कर्मचाऱ्यांसाठी उभारलेली स्मारकं आहेत. मी ती पाहिली तेव्हा जाणवलं, जन्म सोडला तर बाकी सगळ्याची सोय एकाच दाराशी होती. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अर्थव्यवस्थेचा फुगा फुटला, भरती थांबली, कंत्राटी नोकऱ्या आल्या आणि ते दार अनेकांना बंद झालं. ज्यांना ते उघडं होतं त्यांनाही आत काय द्यावं लागतं हे कळून चुकलं होतं. तेव्हा तरुणांनी स्वतःला थोडं थोडं परत घ्यायला सुरुवात केली. त्यांना आळशी म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते शहाणे वाटतात.

आणि परत घेतलेल्या या आयुष्यात किती आनंद आहे! एकट्याने जगण्याची कला या देशाने जशी फुलवली आहे तशी मी कुठेच पाहिली नाही. 'इचिरान'च्या रामेन दुकानात दोन्ही बाजूंना लाकडी आडोसा असलेल्या चिंचोळ्या जागेत माणूस आणि त्याचा वाडगा एवढेच समोरासमोर असतात. एकट्यासाठीच्या कराओके खोल्या आहेत, एकट्यासाठी मांस भाजायच्या शेगड्या आहेत. २०१२ पासून टीव्हीवर चालत आलेल्या 'कोदोकु नो गुरुमे' या मालिकेत एक मध्यमवयीन विक्रेता काम संपवून अनोळखी गल्लीत शिरतो आणि साध्याशा खाणावळीत एकटाच पोटभर जेवतो. एवढंच घडतं, आणि लोक ते जीव लावून बघतात. समाजशास्त्रज्ञ उएनो चिझुको यांनी २००७ मध्ये एकट्या स्त्रीच्या म्हातारपणावर पुस्तक लिहिलं, तर ते हातोहात खपलं. अखेरीस आपण सगळ्याच एकट्या उरणार आहोत, तर त्याची भीती बाळगण्यापेक्षा तयारी करावी, हे त्यांचं म्हणणं लाखो बायकांना आपलं वाटलं.

मलाही ते आपलं वाटलं. माझ्या आईच्या पिढीतल्या किती जणी हॉटेलात एकट्या बसून, पुस्तक उघडून, सावकाश जेवल्या असतील? टेबलाशी बसल्याबसल्या "एकट्याच आलात?" हा प्रश्न यायचा आणि त्यातल्या 'च'वर सगळा भार असायचा. टोकियोत मला कुणी तो प्रश्न विचारला नाही. वेटरने एक बोट वर करून खूण केली, मी मान हलवली, त्याने पाण्याचा ग्लास आणि गरम रुमाल आणून ठेवला. त्या पहिल्या जेवणाची चव मी सांगू शकणार नाही, पण पाठीचा कणा सरळ झाल्याचं आठवतं.

लग्नाला नकार देणाऱ्या जपानी मैत्रिणींना म्हणूनच मी कधी उपदेश केला नाही. सहा वर्षांखालचं मूल असलेल्या घरात बायको घरकाम आणि मुलांसाठी दिवसाला ७ तास २८ मिनिटं देते आणि नवरा १ तास ५४ मिनिटं, असं २०२१ च्या सरकारी पाहणीत दिसलं. कायद्याने नवरा-बायकोचं आडनाव एकच असावं लागतं, आणि जवळपास ९५ टक्के जोडप्यांत बदलते ती बायको. पन्नाशीपर्यंत एकदाही लग्न न केलेले पुरुष आता २८ टक्के आहेत, स्त्रिया १८ टक्के. यातल्या कित्येकांनी लग्न नाकारलेलं नाही, त्यांना ते परवडलेलं नाही. पण ज्यांनी नाकारलं त्यांच्या नकाराला कारणं आहेत, आणि ती या तासांमध्ये आणि मिनिटांमध्ये लिहिलेली आहेत.

तरीही एका जागी माझं मन अडतं. निवडलेला एकटेपणा आणि वाट्याला आलेला एकटेपणा एकाच जिन्यावर शेजारी शेजारी राहतात. बाहेरून दोन्ही दारं सारखीच दिसतात. २०२४ या एका वर्षात जपानमध्ये ७६,०२० माणसं आपल्या घरी एकटी असताना मरण पावली. त्यातली तीन चतुर्थांशांहून जास्त ६५ वर्षांवरची होती. टोकियोजवळ मात्सुदो शहरात तोकिवादाइरा नावाची १९६० च्या सुमाराची मोठी वसाहत आहे. एके काळी तिथे घर मिळणं हे तरुण जोडप्यांचं स्वप्न होतं. २००० मध्ये तिथल्या एका घरात ६९ वर्षांच्या गृहस्थाचा सांगाडा सापडला. त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती. भाडं, वीज, पाणी यांचे पैसे दर महिन्याला बँकेतून आपोआप जात होते. खात्यातली शिल्लक संपली तेव्हा कुणीतरी दार वाजवलं. त्या माणसाने आपला कुणालाच त्रास होऊ दिला नव्हता. सगळी बिलं वेळेवर भरली होती.

त्या वसाहतीतले रहिवासी त्यानंतर हादरून जागे झाले. एकमेकांना नमस्कार करायची मोहीम त्यांनी काढली, थोड्या पैशांत चहा-कॉफी घेत बसता येईल अशी जागा उघडली. सरकारनेही २०२१ मध्ये एकाकीपणाचा प्रश्न हाताळणारा मंत्री नेमला आणि २०२४ च्या एप्रिलपासून त्यासाठीचा कायदा अमलात आला. कायदा हवाच. पण माझ्या शेजारच्या आजींनी मला जे दाखवलं ते कुठल्याही कायद्याच्या हाताला लागणारं नाही.

आमच्या इमारतीत अजून परिपत्रकाची पाटी फिरते. कचऱ्याचे दिवस, भूकंपाचा सराव, उन्हाळी जत्रा अशा सूचनांचे कागद पाटीला लावलेले असतात. आपण वाचायचं, आपला शिक्का उठवायचा आणि पुढच्या दारी नेऊन द्यायची. माझ्यानंतर आजींचं दार. एकदा ती पाटी द्यायला गेले तर दार उघडायला त्यांना फार वेळ लागला. चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले. कितीतरी दिवस अंगात ताप होता. भिंतीपलीकडे मी होते. "हाक का नाही मारलीत?" मी विचारलं. त्या उंबऱ्यावरच बसल्या, माझी क्षमा मागितली आणि म्हणाल्या, "तुम्हाला काम असतं." बऱ्या झाल्यावर तिसऱ्या दिवशी त्या माझ्या दाराशी उभ्या होत्या, सुरेख कागदात बांधलेला खरबुजाचा खोका घेऊन. मी नेऊन दिलेल्या पेजेपेक्षा तो खोका कितीतरी महाग होता. उपकार फिटला होता. मला मात्र तो फिटायला नको होता.

नारा जिल्ह्यातल्या इकारुगा गावी किचिदेनजी नावाचं देऊळ आहे. अंथरुणाला खिळू नये, कुणावर भार होऊ नये, चटकन मरण यावं, हे मागायला म्हातारी माणसं तिथे जातात. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला मुळीच परकं वाटलं नाही. माझी आजी तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावून हेच मागायची. हातपाय चालताहेत तोवर ने रे बाबा, कुणाच्या हाताखाली नको. आम्ही नातवंडं आजूबाजूला खेळत असायचो. घर माणसांनी भरलेलं असायचं. इतक्या माणसांत बसून तिला ते मागावंसं का वाटत होतं, हा प्रश्न मला जपानमध्ये पडला.

दुसऱ्याकडे काही मागणं इतकं कठीण झालं की माणूस परक्याला पैसे देऊन मागतो. मोरिमोतो शोजी या टोकियोतल्या गृहस्थाने २०१८ पासून 'काहीही न करणारा माणूस' म्हणून स्वतःला उपलब्ध करून दिलं. लोक त्याला बोलावतात. शर्यतीच्या शेवटच्या रेषेपाशी उभं राहायला, गाव सोडून जाताना फलाटावर निरोप द्यायला, घटस्फोटाचे कागद द्यायला जाताना सोबत चालायला. हे मित्राला सांगता आलं असतं. पण मित्राचा वेळ जातो, मित्राचे उपकार होतात. नोकरी सोडतो हे साहेबाला आपल्या वतीने कळवणाऱ्या कंपन्याही आता आहेत. पैसे भरले की त्या फोन करतात. अशा बातम्या जगभर गंमत म्हणून वाचल्या जातात. मला त्यांत दिसते ती माणसाची सोबतीची भूक, आणि ती तोंडाने सांगण्याची लाज.

या लाजेला वळसा घालून काळजी घेणाऱ्यांची कल्पकता पाहिली की माझं मन भरून येतं. १९७२ मध्ये फुकुशिमात दारोदार याकुल्ट हे पेय पोचवणाऱ्या एका स्त्रीने एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची विचारपूस सुरू केली आणि पुढे नगरपालिकांनी ती पद्धत उचलली. बाटली हातात देताना दोन शब्द बोलायचे, चेहरा बघायचा. २००१ मध्ये झोजिरुशी कंपनीने चहाच्या पाण्याची विजेची किटली आणली, जी वापरली की दूर राहणाऱ्या मुलांना संदेश जातो. आईने चहा केला, म्हणजे आई ठीक आहे. आईला काही मागावं लागत नाही, मुलांना काही विचारावं लागत नाही. पण या सोयींनी लाज तशीच राहते. आणि मला वाटतं, हात घालायला हवा तो तिलाच.

याचा सगळ्यात खोल विचार जिने केला ती बाई मला ओकायामात भेटली, म्हणजे तिच्या पुस्तकातून. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे बाग ज्या कोराकुएनच्या धर्तीवर उभी आहे, ते कोराकुएन पाहायला मी ओकायामाला गेले होते. त्याच जिल्ह्यात समुद्रात नागाशिमा नावाचं बेट आहे. १९३१ पासून तिथे कुष्ठरोग्यांना जगापासून तोडून ठेवलं जाई. घरच्यांना कलंक लागू नये म्हणून अनेकांनी खरं नाव टाकून खोटं घेतलं. बेट आणि किनारा यांच्यामध्ये अरुंदसं पाणी, पण त्यावर पूल व्हायला १९८८ उजाडलं, आणि त्यांना वेगळं ठेवणारा कायदा रद्द व्हायला १९९६. मानसोपचारतज्ज्ञ कामिया मिएको १९५७ पासून पुढे अनेक वर्षं तिथे जात राहिल्या. सारखाच आजार, सारखंच बेट, तरी काही माणसं रिकामी होऊन बसलेली आणि काहींच्या डोळ्यांत उजेड. हे कशाने होतं? १९६६ च्या आपल्या पुस्तकात त्या ज्या उत्तरांपाशी येतात त्यातलं एक मला विसरता येत नाही. आपली कुणाला तरी, कशाला तरी गरज आहे, ही जाणीव माणसाला जगवते.

त्याच बेटावर १९५३ मध्ये कोंदो कोइची या दृष्टी गेलेल्या रुग्णाने अंध सोबत्यांना घेऊन हार्मोनिकाचा वाद्यवृंद उभा केला. रोगाने बोटांची संवेदना गेलेली, म्हणून ब्रेल लिपीतली स्वरलिपी ते जिभेने वाचायला शिकले. पुढे हा वाद्यवृंद बेटाबाहेर जाऊन वाजवू लागला. आनंदवन ठाऊक असलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. ज्यांना सगळ्यांनी भार ठरवलं होतं ती माणसं एकमेकांवर रेलून उभी राहिली, आणि तेवढ्याने त्यांच्या दिवसांना कारण मिळालं.

टोकियो विद्यापीठात कुमागाया शिनइचिरो नावाचे डॉक्टर आहेत. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, चाकाच्या खुर्चीवर वावर. ११ मार्च २०११ चा भूकंप झाला तेव्हा ते पाचव्या मजल्यावर होते. लिफ्ट बंद पडली. इतरांसाठी जिना होता, शिडी होती, त्यांच्यासाठी फक्त लिफ्ट होती. तेव्हा त्यांना उमगलं की धडधाकट माणूस कुणावर अवलंबून नसतो हा आपला समज आहे. तो पुष्कळ गोष्टींवर अवलंबून असतो, इतक्या की एखादी तुटली तरी त्याला कळत नाही. ज्याला एकाच गोष्टीचा आधार, तो तिचा गुलाम होतो. स्वावलंबी व्हायचं तर आधार वाढवावे लागतात.

हे वाचलं आणि इतकी वर्षं साठवलेलं सगळं माझ्या मनात जागेवर आलं. सगळं आयुष्य कंपनीला दिलेल्या माणसाला ती एकच लिफ्ट होती. तोकिवादाइरातल्या गृहस्थाला बँकेचं खातं होतं. शेजारच्या आजींना स्वतःचे दोन पाय होते, तापात तेही गेले. आणि माझ्या आजीला घर होतं, फक्त घर. बाहेरच्या जगात तिच्या नावाने उघडणारं एकही दार नव्हतं. म्हणून भरल्या घरात बसून ती लवकर जाण्याचं मागणं मागत होती. तेव्हा एकट्या जपानकडे बोट दाखवून आपल्या एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणं मला जमत नाही. जपानी तरुणीने मिळवलेलं एकटीचं टेबल मला सोडायचं नाही, माझ्या आजीच्या घरातली गर्दीही मला जशीच्या तशी नको. मला हवी आहेत पुष्कळ दारं, आणि ती वाजवायला न लाजणारा हात.

सुट्टी द्यायचं काम कायदा करील, दिवे लवकर मालवायचं कामही करील. सुटलेल्या त्या वेळात माणसाने दुसऱ्याकडे जाऊन काही मागावं, हे कायदा सांगू शकणार नाही. ते माणसांनाच एकमेकांत रुजवावं लागेल, आणि त्याची सुरुवात देण्यापेक्षा मागण्यापासून करावी असं मला वाटतं. देणारा नेहमीच मोठा ठरतो. मागणारा समोरच्याला मोठं करतो, तू मला हवा आहेस असं सांगतो. आपल्याकडे शेजाऱ्याकडून आलेली वाटी रिकामी परत करत नाहीत. तिच्यात काहीतरी घालून पाठवतात, म्हणजे ती पुन्हा येते. शेजारच्या आजींना मी आता मुद्दाम काही ना काही मागते. कोंड्यात मुरवलेल्या त्यांच्या काकड्या मागते, अवघड सरकारी पत्राचा अर्थ विचारायला जाते, गावी जाताना किल्ली त्यांच्याकडे ठेवते. अलीकडे त्यांनीही मला दिवा बदलायला बोलावलं, आणि त्या वेळी माझी क्षमा मागितली नाही. या देशातल्या आणि माझ्याही देशातल्या प्रत्येक एकट्या माणसाच्या आयुष्यात असे दोन-चार तरी हिशेब असावेत, जे कुणी कधीच पुरते मिटवू नयेत.